ब्रेक आधी सांगतो



वसंत व्याख्यानमालेची प्रथा १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या या व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, साहित्य, समाज अशा विषयांवर थोरामोठ्यांनी बोलावे असा शिरस्ता पडला आहे. त्या पंगतीत ‘पिकअप गाडीचे ब्रेक’ हे पान मांडलेले पाहून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आमची अशी समजूत आहे की, ज्या वस्तूवर गावाचे पोट चालते आणि जिच्यामुळे गावातल्या घरावर एखाद्या रात्री आकाश कोसळू शकते, ती वस्तू जाणून घेणे हासुद्धा लोकशिक्षणाचाच भाग आहे.

उन्हाळ कांदा निघाला की आपल्या तालुक्यात पिकअपची ये-जा किती वाढते, हे सांगावयास नको. नांदगाव, मनमाड, येवला, लासलगाव, जिथे भाव बरा तिकडे गाडी धावते. पोल्ट्रीचा माल, भाजीपाला, सिमेंट, पाण्याच्या टाक्या, लग्नाचे सामान आणि, नको असताना, वऱ्हाडसुद्धा याच गाडीतून जाते. आपला मुलूख वरवर सपाट वाटतो. पण चांदवडजवळचा राहूड घाट, चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरचा औट्रम घाट, मुंबईच्या वाटेवरचा कसारा घाट यांपैकी एखादा तरी उतार आपल्या चालकाच्या पदरी येतोच. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. पुढे २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून जड वाहनांना तो घाट बंद करण्यात आला, आणि त्यातली बरीच वाहतूक नांदगावच्या रस्त्याने वळली. म्हणजे आपली लहान गाडी आता मोठ्या गाड्यांच्या मागेपुढे चालते. अशा वेळी वेळेवर थांबता येणे याला फार किंमत आहे.

अपघाताची बातमी वाचताना तीन शब्द आपल्याला नेहमी भेटतात : ‘ब्रेक फेल झाला.’ हे शब्द असे वापरले जातात की जणू वीज पडली, भूकंप झाला, कोणाचा काही उपाय नव्हता. आजच्या व्याख्यानात आम्हाला एवढीच एक गोष्ट सांगावयाची आहे की, हे तीन शब्द बहुतेक वेळा अर्धेच खरे असतात. ब्रेक अचानक जात नाही. तो जाण्याआधी पायाला सांगतो, हाताला सांगतो, कानाला, नाकाला आणि डोळ्याला सांगतो. कधी आठ दिवस आधी सांगतो, कधी दोन महिने आधी. आपण ऐकत नाही, इतकेच.

त्याची भाषा समजावयाची तर आधी त्याचे काम समजले पाहिजे. ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे तो गतीची उष्णता करतो. गाडी, माल आणि माणसे मिळून तीन टन वजन धरा, आणि ताशी ६० किलोमीटरचा वेग धरा. त्या गतीत सव्वाचार लाख ज्यूलच्या आसपास शक्ती साठलेली असते. ब्रेक दाबून गाडी उभी केली म्हणजे ती सगळी शक्ती चाकांतल्या लोखंडात उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत दहा-अकरा कप चहाचे पाणी गार असल्यापासून उकळीपर्यंत येईल. वेग दुप्पट केला तर ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. वजन चार टन केले तर ती एक-तृतीयांशाने वाढते. आता समजा, तीनशे मीटर खोल घाट हीच गाडी नुसत्या ब्रेकवर उतरली. तर ताशी ६० च्या वेगातून एकवीस वेळा लागोपाठ उभी करावी इतकी उष्णता त्याच चार चाकांत जाते. चहाचे आधण राहू द्या, पंचवीस-तीस लिटर पाणी उकळेल. ही उष्णता जाणार कोठे? तिला निघावयास वारा आणि वेळ लागतो, आणि घाटात दोन्ही कमी मिळतात.

दुसरी गोष्ट, पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो कसा? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये पास्काल नावाचा बुद्धिमान पुरुष होऊन गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व ठिकाणी सारखा पोहोचतो, हा नियम त्याने सांगितला. आपला ब्रेक त्यावरच चालतो. उदाहरणादाखल, पायाने २० किलोचा जोर दिला, पेडलच्या तरफेने तो पाचपट होऊन १०० किलो झाला, आणि मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे तोंड चार चौरस सेंटिमीटर असले, तर तेलात दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो दाब तयार होतो. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधला दट्ट्या वीस चौरस सेंटिमीटरचा असेल तर तो ५०० किलोच्या जोराने पॅड दाबील. या गणितात बूस्टरची मदत अजून धरलेलीच नाही. पायाचे वीस तिथे पाचशे झाले. पण अट एकच, मधल्या वाटेवर द्रवच पाहिजे. द्रव दबत नाही, हवा दबते. वाटेत हवेचा बुडबुडा आला की पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच संपतो.

इथे रेल्वेचा दाखला घेतला तर आपल्या लहान गाडीची उणीव चटकन लक्षात येईल. नांदगाव हे मुंबई-भुसावळ मार्गावरचे जुने स्टेशन. साखळी ओढली की आगगाडी थांबते हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. पण साखळी ओढल्याने ब्रेकला जोर मिळत नाही. उलट, ब्रेकच्या नळीत राखून ठेवलेला दाब मोडतो, आणि तो मोडला म्हणूनच ब्रेक लागतो. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस याने १८६९ साली हवेचा ब्रेक काढला आणि १८७२ साली त्याची ही ‘नळी तुटली तर थांब’ अशी उलटी रचना केली. मोठ्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्येही हेच तत्त्व आहे : हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाक धरते. आपल्या पिकअपमध्ये मात्र तेलाचा ब्रेक असतो. त्याची नळी तुटली की चाक धरले जात नाही, चाक सुटते. म्हणून तर तेलाच्या ब्रेकला दोन वेगळ्या वाटा ठेवलेल्या असतात, बहुधा एक पुढच्या चाकांची, एक मागच्यांची. एक गेली तरी दुसरी थोडेफार काम देते. पण थांबण्याचा बराचसा भार पुढची चाके उचलतात. पुढची वाट गेल्यावर नुसत्या मागच्या चाकांवर भरलेली गाडी उतारावर कशी थांबेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. तात्पर्य, ज्या यंत्रात बिघाड झाला की गाडी आपोआप थांबते, त्याला थोडे दुर्लक्ष चालते. ज्या यंत्रात बिघाड झाला की गाडी सुटते, त्याला ते चालत नाही.

आता निदान. आपल्याकडे वैद्य रोगी पाहतो, स्पर्श करतो आणि प्रश्न विचारतो. मग औषधाच्या पुडीला हात घालतो. गाडीच्या बाबतीत आपण आधी पाना हातात घेतो. ‘ब्रेक लागत नाही’ म्हटले की ‘पॅड बदला’, एवढे एकच औषध. पण ‘लागत नाही’ या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगवेगळे रोग दडलेले असतात. म्हणून प्रथम पायाला विचारावे.

पेडल स्पंजासारखे लिबलिबीत लागते काय? तर वाटेत हवा शिरली आहे, किंवा तेल इतके जुने झाले आहे की तापल्यावर त्याची वाफ होते. पहिल्या दाबाला पेडल खाली जाते आणि लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर येते काय? तर बहुधा मागच्या ड्रममधले शू झिजून लांब गेले आहेत. ते जुळवून घ्यावे लागतात, किंवा लायनर संपले असल्यास बदलावे लागतात. पाय स्थिर दाबून धरला असता पेडल हळूहळू, पाण्यात दगड बसावा तसे, खाली खाली जाते काय? तर तेल कोठून तरी निसटते आहे. बाहेर कोठे ओल दिसत नसेल आणि डबीतली पातळीही उतरत नसेल, तर ते मास्टर सिलिंडरच्या आतच रबराच्या वायसरवरून मागे येत आहे. याला पॅड बदलून काडीचा उपयोग नाही.

आणि पेडल दगडासारखे घट्ट लागते, सारे अंग टाकावे तेव्हा गाडी थांबते, असे असेल तर? तेव्हा दोष बूस्टरकडे पाहावा. बूस्टर म्हणजे एक मोठी बंद थाळी. तिच्या एका बाजूची हवा पंप ओढून घेतो, आणि दुसऱ्या बाजूला वातावरणाचा दाब पायाला मदत करतो. नऊ इंच व्यासाची थाळी धरली तर ही मदत तीनशे किलोच्या घरात जाते. परीक्षा अगदी सोपी आणि फुकट आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते घट्ट होईल. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली बसले तर बूस्टर ठीक आहे. जागचे हललेच नाही तर व्हॅक्यूमचा पाइप, पंप किंवा बूस्टरचा पडदा यांत बिघाड आहे. ही परीक्षा करावयास मेकॅनिक लागत नाही. घरातल्या कोणालाही ती करता येईल.

पायानंतर हात. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, असे स्टिअरिंग सांगते. त्या वेळी लक्षात ठेवावे की ज्या बाजूला गाडी ओढते त्या बाजूचा ब्रेक बरा असतो. दोष बहुधा दुसऱ्या बाजूला असतो, तिथले चाक धरत नाही. कॅलिपरचा दट्ट्या गंजून अडकला असेल, पॅडवर ग्रीस किंवा तेल पडले असेल, किंवा रबरी होज आतून सुजून वाट अडली असेल. मात्र एवढे करण्याआधी दोन्ही टायरांतली हवा तपासावी. पाच मिनिटांच्या कामासाठी दोन दिवस गाडी खोलून ठेवल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या डिस्कची जाडी सारखी राहिलेली नाही. थरथर पेडलमध्ये किंवा बसण्याच्या जागेखाली जाणवत असेल तर मागचा ड्रम अंडाकृती झाला आहे काय, ते मोजून घ्यावे. नव्या गाड्यांत एबीएस असतो. जोरात ब्रेक मारल्यावर त्याची क्षणभर होणारी धडधड हा दोष नव्हे.

मग कान आणि नाक. बारीक किंचाळण्यासारखा आवाज म्हणजे बऱ्याच पॅडांना मुद्दाम बसवलेली पट्टी डिस्कला लागू लागली आहे. ती सांगते, ‘माझे दिवस भरले.’ हा आवाज पुढे जाऊन लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखरीत झाला, म्हणजे पॅड संपून आता डिस्क खाल्ली जात आहे. पहिल्या आवाजाला जे काम थोडक्यात होते, ते दुसऱ्या आवाजाला तिप्पट-चौपट पैशांत जाते. नाकाला करपल्याचा वास आला तर गाडी थांबवून कोणत्या चाकाशी तो अधिक आहे ते पाहावे. चाकाला हात लावू नये, नुसता जवळ न्यावा, धग समजते. एकच चाक तापत असेल तर दोष त्याच चाकाचा. चारही तापत असतील तर दोष वर, पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये. तिथे दांडीला जी बारीकशी ढिलाई हवी ती राहिली नसेल, म्हणजे दाब परत सुटत नाही.

एकच चाक धरून बसले असेल तर त्याचीही एक सुरेख परीक्षा आहे. चाक जॅकवर उचलून, खाली भक्कम टेकू देऊन, त्याचे निपल जरासे सैल करावे. तेल पिचकारीसारखे उडाले आणि चाक मोकळे झाले, तर चाकाचा दोष नाही. दाब कोंडला गेला आहे, आणि तो बहुधा रबरी होजने कोंडला आहे. होज बाहेरून नवी कोरी दिसते आणि आतून सुजलेली असते. तेल जाताना जाते, येताना येत नाही. निपल सोडूनही चाक मोकळे होत नसेल तर दट्ट्या, पिन किंवा हँडब्रेकची केबल गंजून बसली आहे. पाहा, एका निपलच्या अर्ध्या फेऱ्यात रोग दोनांपैकी कोणत्या घरात आहे हे कळले. निदान म्हणतात ते हे.

शेवटी डोळा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल, डबीत उतरलेली पातळी, तेलाचा चहासारखा काळपट रंग, डॅशबोर्डवरचा न विझणारा लाल दिवा : या चार गोष्टी पाहावयास सकाळी दोन मिनिटे लागतात. डबीतली पातळी उतरली म्हणून नुसते तेल ओतून मोकळे होणे, हे मात्र ताप आलेल्या मुलाचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखे आहे. तेल बंद वाटेत फिरते. ते आपसूक संपत नाही. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, आणि गळती असली की बरीच उतरते. दोन्हीपैकी काय झाले ते शोधल्याखेरीज बाटली उघडू नये.

तेलाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त हयगय इथेच होते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल पिते. डॉट ३ जातीचे नवे तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओल पिऊन जुने झाले की १४० अंशांनाही उकळू शकते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात चाके तापतात, उष्णता कॅलिपरमधून तेलात उतरते, जुने तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि मघा सांगितलेला बुडबुडा तयार होतो. पेडल एकदम फळीला टेकते. खाली आल्यावर अर्ध्या तासाने गाडी गार होते, वाफेचे पुन्हा तेल होते, पेडल पूर्ववत लागते, आणि सगळे म्हणतात, ‘ब्रेक तर ठीक आहे, मग झाले काय?’ झाले ते इतकेच की दोन वर्षांत जे तेल बदलावयाचे ते पाच वर्षे बदलले नाही. डबीवर किंवा माहितीपुस्तकात जी जात लिहिली असेल तेच तेल, सीलबंद बाटलीतले, वापरावे. अडचणीच्या वेळी इंजिन ऑइल घालणारे महाभाग असतात. त्याने सगळी रबरे फुगतात आणि साऱ्या ब्रेकचा खर्च अंगावर येतो. ब्रेकचे सुटे भाग डिझेल-पेट्रोलने धुणे हेही त्याच मासल्याचे आहे.

नवे तेल भरल्यावर हवा काढावी लागते. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे पुढे असतो, म्हणून साधारणपणे सर्वांत लांबच्या डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करून, मग उजवे मागचे, डावे पुढचे, उजवे पुढचे असा क्रम घेतात. कंपनीने निराळा सांगितला असल्यास तो पाळावा. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सोडून पुन्हा आवळावे, आणि निपल आवळून होईपर्यंत पहिल्याने पाय उचलू नये. उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते. मधून मधून डबी भरत राहावे. पॅड आणि लायनर नेहमी जोडीने, दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, आणि धुळीत काय आहे हे डोळ्याला दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजात काम शिकणाऱ्या पोरांच्या छातीची काळजी मालकाने घ्यावयाची नाही तर कोणी?

आता आम्ही अशा एका दोषाकडे येतो, जो गाडीबरोबर येत नाही. आपण तो गावात आणून बसवतो. पिकअपने दीड-पावणेदोन टन माल वाहावा असे तिच्या कागदावर लिहिलेले असते. भाव चांगला असला की माल जास्त भरला जातो, मागचे पाटे बसू लागतात, आणि मालक लोहारकाम करून एक-दोन जादा पाटे चढवून घेतो. गाडी आता बसत नाही. सर्वांना समाधान. पण बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गॅरेजात त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याचे काम वजन ओळखण्याचे. गाडी रिकामी असली की मागची चाके हलकी असतात, जोरात ब्रेक लागला तर घसरतात. म्हणून तो त्यांचा दाब रोखतो. माल भरला की गाडीची चौकट ॲक्सलकडे खाली येते, त्याची दांडी उचलली जाते, आणि तो मागच्या चाकांना पूर्ण दाब देतो. म्हणजे गाडी किती बसली यावरून तो वजन ओळखतो. आणि आपण तर गाडी बसूच दिली नाही! पाटे जादा असल्याने काट्यावर अडीच टन माल आहे, पण व्हॉल्व्हला वाटते गाडी जवळजवळ रिकामी आहे. तो मागचा ब्रेक रोखून धरतो. सगळा भार पुढच्या दोन चाकांवर पडतो, तीच तापतात, तेच पॅड महिन्या-दोन महिन्यांत संपतात, आणि मालक म्हणतो, ‘हल्ली पॅड नकली येतात.’

पुढचे पॅड पुन्हा पुन्हा संपत आहेत आणि मागचे लायनर मात्र नव्यासारखे आहेत, असे दिसले की या व्हॉल्व्हकडे पाहावे. काही जण यावरही शक्कल काढतात : दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग भरलेली गाडी ठीक थांबते. पण माल उतरवून परत येताना, पहिल्या पावसाच्या चिखलात, मागची चाके जाम होऊन गाडी रस्त्यावर आडवी फिरते. उपाय सरळ आहे. पाटे मूळचे ठेवावेत, दांडी कंपनीने दिलेल्या मापाला लावावी आणि माल कागदावर आहे तेवढा भरावा. जादा मालाला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये सांगितले आहेत. चौकीवर काय होते याची चर्चा आम्ही इथे करीत नाही. उतारावर मात्र तडजोड होत नाही, एवढेच सांगतो.

डिझेल वाचवण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोडही अशीच. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः चाकांना मागे ओढून उष्णतेचा मोठा वाटा उचलते. न्यूट्रल केले की सारी उष्णता ब्रेकवर. त्यात इंजिनच बंद केले तर बूस्टर दोन-तीन दाबांत रिता होतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडते. चढताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. कसारा म्हणजे थळ घाटातून १८६५ साली रेल्वे सुरू झाली. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट आहे. अशा घाटांत वेग न आवरणारी गाडी वळवून घेण्यासाठी रेल्वेने चढावावर जाणारे बाजूचे रूळ टाकले. आपल्या पिकअपला तशी बाजूची वाट सहसा मिळत नाही. म्हणून घाटमाथ्यावर थांबून पेडल एकदा दाबून पाहावे, लाल दिवा पाहावा, गिअर उतरवावा, आणि मगच खाली निघावे.

तरीही पेडल खाली गेलेच तर? घाबरून इंजिन बंद करू नये, स्टिअरिंग जड पडेल. पेडल भराभर वरखाली मारावे. पुष्कळदा थोडा दाब मिळतो. एकेक गिअर खाली आणावा. हँडब्रेक एकदम न ओढता, बटण दाबून धरून, हळूहळू ओढावा. दिवे आणि भोंगा चालू ठेवावा. दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, चढावाकडे, मातीच्या ढिगाकडे गाडी घ्यावी. माल जाईल, पत्रा चेपेल. ते पुन्हा मिळते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे परत येतो. ब्रेक आधी सांगतो, हे आपण पाहिले. मग ऐकले का जात नाही? आमच्या मते याचे कारण यंत्रात नाही, व्यवहारात आहे. पेडल नरम लागते हे पहिल्यांदा कळते ते चालकाला. पण त्याला मजुरी खेपेवर मिळते. खेप चुकली तर त्या दिवसाचा पैसा बुडतो, आणि ‘गाडी चालवता येत नाही म्हणून कारणे सांगतो’ हा टोमणा वर ऐकावा लागतो. मालकाला बँकेचा हप्ता दिसतो. शेतकऱ्याला लिलावाची वेळ दिसते. व्यापाऱ्याला पुढची गाडी दिसते. यांतला कोणीही दुष्ट नाही; पण या चौघांच्या घाईत पेडलने दिलेली सूचना हरवते, आणि मग ते तीन शब्द छापून येतात. व्यवसायाच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो, ते योग्यच आहे. परंतु दाखला म्हणजे एका दिवसाची साक्ष. तेल ओल पिते ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गाडीत एक वही ठेवावी. ब्रेक ऑइल कधी बदलले, पॅड कधी, लायनर कधी, एवढे तिच्यात लिहावे. चालकाने तक्रार सांगितली की तारखेसह लिहावी, आणि तिची दखल घेतल्याखेरीज पुढची खेप लावू नये. ज्या दिवशी चालक म्हणेल, ‘दादा, आज पेडल बरोबर नाही, गाडी काढत नाही,’ त्या दिवसाची त्याची मजुरी कापू नये. एका दिवसाची मजुरी हा काही फार मोठा खर्च नव्हे. मालकाने विम्याच्या हप्त्याशी ती ताडून पाहावी. आणि आपल्यापैकी ज्या भगिनींच्या घरातले माणूस पहाटे गाडी घेऊन निघते, त्यांनीही ‘जेवण घेतले का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘पेडल पाहिले का?’ हा प्रश्न विचारावयास हरकत नाही.

पाना फिरवणारे हात आपल्या गावात पुष्कळ आहेत आणि चांगले आहेत. त्यांच्यापर्यंत गाडी वेळेवर पोहोचवणे, हे काम मात्र ‘आज गाडी जाणार नाही’ असे म्हणणाऱ्या माणसाचे आहे. त्याला ते निर्भयपणे म्हणता यावे अशी व्यवस्था आपण केली, तर नांदगावच्या गाड्यांचे निम्मे ब्रेक आपोआप दुरुस्त होतील, अशी आमची खात्री आहे.